शरदाच्या पत्रकातले पाच खडे

"हे नीट झालं तर पुढचं बोलू," असं मॅडम म्हणाल्या आणि मी ते वाक्य दिवसभर उलटसुलट करत राहिलो.

काम म्हणाल तर एका पानाचं. आमची कंपनी इतर कंपन्यांना फायली, रजिस्टरं, कागदाचे गठ्ठे, पेनं, टाचण्या असलं ऑफिसचं सामान पुरवते. दर ऋतूला गिऱ्हाइकांना एक पत्रक जातं. या वेळी मॅडमना त्यात नुसती मालाची यादी नको होती. 'शरद ऋतूसाठी दहा सूचना, कामात बुडालेल्या टीमसाठी' असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. पाच सूचना विक्री कशी वाढवावी याच्या, पाच ऑफिसात कसं वागावं याच्या, खाली आमचा पत्ता. सोमवारी सांगितलं, शुक्रवारी हवं. मॅडम आमच्या विभागप्रमुख म्हणून तीन महिन्यांपूर्वीच आल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. बोलणं इतकं थोडक्यात की त्याचा अर्थ लावता लावता माझा जीव अर्धा व्हायचा.

पुढचं म्हणजे काय? बढतीचं पुढचं, की निरोपाचं पुढचं? ऑफिसात महिनाभर कुजबुज होती की पत्रव्यवहार विभागातलं एक डोकं कमी होणार. आमच्या विभागात खुर्च्या दोन. एकीवर मी बसतो, दुसरीवर जुना पंखा. पंखा बंद पडून सहा वर्षं झाली, पण त्याची मालमत्तेच्या यादीत नोंद आहे, त्यामुळे तो जाणार नाही हे उघड होतं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, चांगलंच काहीतरी असेल." पण हे म्हणताना तिने मुलीच्या कॉलेजच्या पिशवीकडे बघितलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. मुलगी नुकतीच पहिल्या वर्षाला गेली होती. मी पन्नाशीला टेकलेला. या वयात दुसरीकडे अर्ज करायचा म्हणजे आधी स्वतःचा फोटो काढून घ्यावा लागतो, आणि तो बघूनच माणूस अर्ज करायचा विचार सोडून देतो.

वरच्या मजल्यावरचे काका तेवढ्यात चहाला टपकले. काका टपालखात्याच्या छाननी कार्यालयातून निवृत्त झालेले. आमच्या घरात काहीही घडलं की ते त्यांना जिन्यातच कळतं.

"काय म्हणाल्या? 'पुढचं बोलू'?" काकांनी कप खाली ठेवला. "मग संपलंच रे बाबा. नारळ देतात तुला. आमच्याकडे एकाला असंच म्हणाले होते."

"मग त्याचं काय झालं?"

"त्याची बढती झाली. पण तो हुशार होता."

काकांचं सांत्वन हे असं असतं.

आता मी तुम्हाला एक गुपित सांगणार आहे. हे मी बावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. पण ते सांगितल्याशिवाय पुढचा अनर्थ तुमच्या लक्षात यायचा नाही.

आमच्या ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला मंजुरीची फेरी असते. कागदाला एक पिवळी चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर पाच चौकोन: विक्रीप्रमुख, प्रशासन अधिकारी, कर्मचारी अधिकारी, कायदा सल्लागार आणि शेवटी संचालकसाहेब. प्रत्येकाने वाचून सही करायची. आता यातली मेख अशी, की काहीही दुरुस्ती न करता सही केली तर माणसाने कागद वाचलाच नाही असं दिसतं. म्हणून प्रत्येक जण काहीतरी दुरुस्त करतोच. नोकरीला लागलो तेव्हा मी जीव ओतून, अगदी निर्दोष पत्रं लिहीत असे आणि पाच जणांनी दुरुस्त केल्यावर ती पत्रं कुठल्या कंपनीने कुणाला लिहिली आहेत हेसुद्धा कळत नसे. एकदा शोकपत्रात सवलतीची मुदत घुसली होती.

मग मला युक्ती सुचली. मी खडे ठेवायला लागलो. निवडलेल्या धान्यात मुद्दाम एक खडा टाकावा, तशी प्रत्येकासाठी त्याच्या आवडीची एक ढळढळीत चूक. विक्रीप्रमुखांना विक्रीविरुद्ध काही दिसलं की चेव येतो, त्यांना तसलं वाक्य. कायदा सल्लागारांना कबुलीजबाब दिसला की घाम फुटतो, त्यांना तसलं. संचालकसाहेब फक्त पहिलं वाक्य बदलतात, म्हणून पहिलं वाक्य कायम टाकाऊ लिहायचं. खडा सापडला की माणूस खूश होतो, तांबड्या पेनाने तो उचलून फेकतो, झोकात सही करतो आणि बाकीच्या मजकुराला हात लावत नाही. फेरी पुरी झाली की मी मूळ मनात होता तो स्वच्छ मजकूर छापायला देतो. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. उलट संचालकसाहेब वार्षिक सभेत म्हणत, "भाषेच्या बाबतीत आम्ही अत्यंत काटेकोर आहोत." तेव्हा मी खाली मान घालून स्वतःच्या चपलांकडे बघत असे.

तर या पत्रकातही मी पाचही साहेबांची आवड ओळखून पाच खडे ठेवले. बाकीच्या सूचना मात्र मी मन लावून लिहिल्या. काही हिच्याच होत्या. ही म्हणाली, "एका कामावर एकाच माणसाचं नाव घाला म्हणावं. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी तिघांनी बघायची असते, म्हणून ती वर्षभर कुणीच बघितलेली नाही." ती सूचना दुसरी. उन्हाळ्यापासून ज्यांच्याशी बोलणं झालं नाही अशा दहा जुन्या गिऱ्हाइकांना काही विकायला न जाता नुसता फोन करा, ही पहिली. बैठक उभ्याने घ्या, पाय दुखले की माणसं मुद्द्यावर येतात, ही चौथी. ही शेवटची काकांनी दिली, पण त्यांच्या खात्यात बैठका उभ्याने होत कारण खुर्च्याच नव्हत्या.

आणि खडे असे होते. तिसरी सूचना, विक्रीप्रमुखांसाठी: 'या शरद ऋतूत एकही नवी वस्तू विकत घेऊ नका, आधी कपाटं उघडा, आहे ते वापरा.' पाचवी, प्रशासन अधिकाऱ्यांसाठी: 'काम झालं की घरी जा, घड्याळ बघत बसू नका.' सातवी, कर्मचारी अधिकाऱ्यांसाठी: 'रोज एकदा साहेबांना तोंडावर नाही म्हणा.' नववी, कायदा सल्लागारांसाठी: 'गिऱ्हाइकांच्या तक्रारी गोळा करा आणि जाहिरातीत जशाच्या तशा छापा.' आणि पहिलं वाक्य, खास संचालकसाहेबांसाठी, ठळक अक्षरात: 'शरद ऋतूत झाडं पानं गाळतात आणि कंपन्या माणसं.'

हे शेवटचं लिहून मी ते दोनदा वाचलं, हे कबूल करतो. पण साहेब खोडणार याची खात्री होती.

शुक्रवारी सकाळी मी पत्रक आणि पिवळी चिठ्ठी घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम एका हाताने फोनवर बोलत होत्या आणि दुसऱ्या हाताने काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"हे काय आहे?"

"मंजुरीची फेरी, मॅडम. पाच सह्या लागतात."

"एका पानाला? किती दिवस जातात यात?"

"साधारण नऊ. कुणी रजेवर नसेल तर."

"नऊ दिवसांत शरद संपेल." त्यांनी चिठ्ठीची टाचणी काढली आणि चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. "यापुढे हे बंद. बावीस वर्षं लिहिताय ना तुम्ही? माझा तुमच्यावर विश्वास आहे." आणि पत्रकाच्या कोपऱ्यात सही ठोकून ते छापखान्याकडे जाणाऱ्या ट्रेमध्ये टाकलं. न वाचता.

माझ्यावर इतक्या स्पष्ट शब्दांत विश्वास ठेवणारं माणूस मला आयुष्यात प्रथमच भेटलं होतं, आणि नेमकं त्याच क्षणी त्याच्या टेबलावर माझा पाच चुका असलेला कागद होता. मी तोंड उघडलं. कसं सांगणार? 'मॅडम, विश्वास ठेवू नका, मी मुद्दाम चुका करतो'? जिथे 'पुढचं बोलू' टांगलेलं आहे, तिथे? मी "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. मनाशी ठरवलं, दुपारी खडे काढून स्वच्छ प्रत करायची आणि सोमवारी छापखान्यात गुपचूप बदलून टाकायची. छापखाना आपला तळघरातलाच. तिथे कुठलंही काम चार दिवसांच्या आत हातात घेतल्याचं मला आठवत नव्हतं.

शनिवार-रविवार मी घरात उगाच गुणगुणत होतो. हिला संशय आला. "अहो, तुम्ही घाबरलात की गुणगुणता," ती म्हणाली. मी म्हटलं, "छे."

सोमवारी स्वच्छ प्रत खिशात घालून तळघरात उतरलो. छापणारा हात पुसत पुसत समोर आला. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. ऑफिसात मला सगळे मास्तरच म्हणतात.

"मास्तर, झालं बघा तुमचं! मॅडम स्वतः आल्या होत्या शुक्रवारी. तातडीचं म्हणाल्या. शनिवारी दिवसभर बसलो. तीन हजार दोनशे प्रती. वर पिवळ्या पानाचं चित्र मी माझ्या मनाने टाकलंय."

"कुठे आहेत?" मी भिंतीला धरून विचारलं.

"गेल्या की! सकाळी नऊला पोत्यात भरून टपालात."

एक प्रत त्याने माझ्यासाठी ठेवली होती. पिवळं पान फारच सुंदर गळत होतं. त्याखाली ठळक अक्षरात कंपन्या माणसं गाळत होत्या.

मी जिन्यातूनच काकांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला काकांची गरज वाटली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. खड्यांचं मी सांगितलं नाही, फक्त 'चुकीचा मजकूर गेला' एवढंच म्हणालो. आणि ते एकदम पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखे म्हणाले, "छाननीतून दोनची गाडी सुटेपर्यंत पोती आत असतात. पाठवणाऱ्याने अर्ज दिला तर परत मिळतात. नियम आहे. तू नुसता ये, मी बोलतो."

जेवणाच्या सुट्टीत मी धावतपळत छाननी कार्यालयात पोहोचलो. काका इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. खिडकीच्या जाळीमागे एक गंभीर गृहस्थ शिक्के मारत होते. त्यांच्या मागे, आठ-दहा हातांवर, आमच्या कंपनीचा शिक्का असलेली तीन पोती भिंतीला टेकून बसलेली मला स्पष्ट दिसत होती. दीड वाजला होता.

"परत मागण्याचा अर्ज," काका रुबाबात म्हणाले.

गृहस्थांनी मान वर केली, काकांकडे बघितलं आणि शिक्का खाली ठेवला. "तुम्ही का? ओळखलं नाहीत? तुम्ही मला मेमो दिला होता. टेबलावर पाय ठेवल्याबद्दल. माझ्या पायाला प्लॅस्टर होतं तेव्हा."

काकांचं तारुण्य जागच्या जागी ओसरलं. त्यांनी मला पुढे ढकललं.

गृहस्थ मात्र अन्याय करणारे नव्हते. नियमाने मिळणारं सगळं त्यांनी मला दिलं. तीन प्रतींतला कोरा अर्ज दिला. मी तो भरला. मग पाकिटावरच्या हस्ताक्षराचा नमुना लागेल म्हणाले. पाकिटं छापील होती. मग पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. "तुम्ही अधिकारी आहात?" मी क्षणभर खोटं बोलायचा विचार केला, पण माझा चेहराच तसा नाही. "मग अधिकाऱ्यांना घेऊन या." म्हणजे मॅडमना. आणि कारणाच्या रकान्यात सविस्तर कारण.

"साहेब," मी जाळीला नाक लावून म्हटलं, "माझी नोकरी आहे हो त्या पोत्यात."

"नोकरी टपालाने पाठवता येत नाही," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरोखरच नियम सांगायचा होता.

दोन वाजता माझ्या डोळ्यांदेखत पोती गाडीत चढली. काका शेजारी उभे राहून पुटपुटले, "प्लॅस्टर होतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे." त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावूही शकलो नाही.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. टेबलावरचा फोन वाजला की मी खुर्चीतून उभा राहायचो. ही रात्री विचारायची, "झालंय तरी काय?" आणि मी म्हणायचो, "शरद ऋतू मला मानवत नाही." जेवण जाईना. मुलीने एकदा सहज 'नाही' म्हटलं तर मी दचकून तिच्याकडे बघत राहिलो.

दहाव्या दिवशी पहिला फोन आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाचे खरेदी अधिकारी. आवाज अगदी प्रसन्न. "तुमची तिसरी सूचना फार आवडली. कपाटं उघडली. अहो, कागदाचे एकसष्ट गठ्ठे निघाले! तेव्हा या वेळची ऑर्डर रद्द करा. आणि आभार." त्यांनी इतक्या मनापासून आभार मानले की मलाही "आभार कसले त्यात" म्हणावं लागलं.

मग रांगच लागली. एका कारखान्याचे मालक रडकुंडीला आले होते. "माझ्याकडे नऊ माणसं आहेत. आज नवाच्या नवांनी मला नाही म्हटलं. सकाळपासून. एकाने तर मी काही विचारायच्या आधीच म्हटलं. हे रोज करायचंय का?" एका ऑफिसातली सगळी माणसं तीन वाजता घरी गेली होती आणि तिथे फोन उचलायला राहिलेला रखवालदार मला विचारत होता की मीही जाऊ का. एकाने आमच्याच फायलींबद्दलच्या चौदा तक्रारी लिहून पाठवल्या आणि खाली विचारलं होतं, 'कधी छापताय?' मी प्रत्येक फोन ऐकला, प्रत्येकाला धीर दिला आणि कुणाचंही नाव वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.

बाराव्या दिवशी संचालकसाहेबांच्या खोलीतून बोलावणं आलं. मला आणि मॅडमना.

खोलीत पाचही चौकोन बसले होते. मी त्यांना असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं. कागदावर ते एकाखाली एक असत. टेबलाच्या मध्यभागी ते पिवळं पान. विक्रीप्रमुखांचा चेहरा लाल. ऑर्डरी किती रद्द झाल्या याची यादी त्यांच्या हातात होती. मॅडम उभ्या होत्या. मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे.

साहेबांनी पान उचललं आणि सावकाश पहिलं वाक्य वाचलं. मग विचारलं, "हे कुणी पास केलं?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

"फेरी का झाली नाही?"

"मी थांबवली."

"वाचलं होतंत?"

मॅडमनी टेबलावरच्या पिवळ्या पानावर नजर खिळवली. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला मागून दिसत होती. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्या आहेत. तोवर मला वाटायचं की घाबरण्याचं काम या विभागात एकट्या माझ्याकडे आहे.

"तुम्हाला येऊन तीन महिने झालेत," साहेब म्हणाले, "आणि तुम्ही आमची बावीस वर्षांची शिस्त मोडलीत. मला वाटतं आपण इथेच थांबलेलं बरं."

आता खरं म्हणजे मी सुटलो होतो. मला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. फेरी झाली असती तर चुका सापडल्या असत्या, म्हणजे दोष फेरी थांबवणाऱ्याचा. मी नुसतं अर्धं पाऊल मागेच उभं राहायचं होतं. पण भीतीचा एक विचित्र गुण आहे. बारा दिवस ती दाबून ठेवली की ती तोंडातून बाहेर येते. मी शपथेवर सांगतो, मी शूरपणे बोललो नाही. माझी बोबडी वळलेली होती आणि त्या बोबडीतूनच शब्द बाहेर पडले.

"साहेब, त्या चुका नाहीत. म्हणजे चुकाच आहेत. पण मी ठेवलेल्या आहेत. तुमच्यासाठी."

आणि मग सगळंच बाहेर आलं. खडे, खड्यांचं प्रमाण, कुणाला कुठला आवडतो, तांबडं पेन, बावीस वर्षं. कायदा सल्लागार अर्ध्यातच म्हणाले, "म्हणजे त्या करारातलं ते कलम…?" मी म्हटलं, "हो. तेही." प्रशासन अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. विक्रीप्रमुखांची लाली उतरून चेहरा पांढरा पडला.

साहेबांनी पान टेबलावर उपडं ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि माझ्यासाठी?"

"पहिलं वाक्य, साहेब."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

त्यांनी खिशाला लावलेलं तांबडं पेन काढलं, बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मला त्या क्षणी नोकरीपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं, देवाशपथ. मग ते कर्मचारी अधिकाऱ्यांना म्हणाले, "यांना नोटीस द्या. शिक्षेसकट. रीतसर फेरीने. आणि यांच्या विभागप्रमुखांनाही चौकोन द्या, शेवटचा. या प्रकरणी त्यांनी काय केलं तेही नोटिशीत येऊ दे, मग त्यांचं ठरवू."

कर्मचारी अधिकारी मला दाराबाहेर गाठून, नजर चुकवत म्हणाले, "मास्तर, ती नोटीस… मसुदा तुम्हीच करा. ऑफिसात दुसरं कुणाला येत नाही."

म्हणून मला दिलेली नोटीस मीच लिहिली. माझं दुर्दैव असं की सवय म्हणजे सवय. पेन हातात आल्यावर मला वाटलं, शिक्षेच्या जागी 'सक्त ताकीद' लिहिलं तर साहेब बदलून काहीतरी जबर करतील. त्यापेक्षा आपणच सगळ्यात जबर लिहावं, म्हणजे ते खोडून सौम्य करतील. मी लिहिलं: 'सबब कर्मचाऱ्यास सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे.' आणि त्याच्या वर, मॅडमचं काय ते मिटावं म्हणून, एक वाक्य घातलं: 'सदर मजकूर कर्मचाऱ्याने विभागप्रमुखांना न दाखवता परस्पर छापण्यास दिला.' पिवळी चिठ्ठी टाचली. सहावा चौकोन हाताने आखला. शिपायाने कागद नेला.

नऊ दिवस लागतील असा हिशोब होता. शिपाई पंचवीस मिनिटांत परत आला.

पाच सह्या. एकही दुरुस्ती नाही. एक स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवला नव्हता. आता तांबडं पेन लावायची कुणाची छाती होती? जे खोडावं तो मास्तरांचा खडा निघाला तर? पाचही जणांनी बडतर्फीखाली निमूट सह्या करून कागद पुढे ढकलला होता. बावीस वर्षांत माझा पहिलाच मसुदा जसाच्या तसा मंजूर झाला होता. मी तो हातात धरून बसलो. हिला काय सांगायचं? मुलीच्या कॉलेजात काय सांगायचं?

सहावा चौकोन रिकामा होता. कागद घेऊन मीच मॅडमच्या खोलीत गेलो आणि टेबलावर ठेवला. सही करतील आणि संपेल, एवढंच डोक्यात होतं.

मॅडमनी फोन बाजूला ठेवला. खुर्ची पुढे ओढली. आणि वाचायला लागल्या. वरच्या ओळीपासून, ओळीखाली बोट धरून, शाळेतल्या मुलीसारख्या. मी बावीस वर्षांत माझं लिहिलेलं कुणाला असं वाचताना बघितलं नव्हतं. इतकं भयंकर वाटत असेल याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक ओळीला वाटायचं, इथे थांबतील.

त्या दोन ठिकाणी थांबल्या.

"'बडतर्फ' हा खडा आहे?"

"हो, मॅडम."

त्यांनी तो खोडून 'सक्त ताकीद' लिहिलं. मग बोट एक ओळ वर नेलं. "आणि 'विभागप्रमुखांना न दाखवता' हा?"

"नाही, मॅडम. तो मी… तो तसाच राहू दे."

"खोटं आहे ते." त्यांनी ते वाक्य पूर्ण खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मजकूर विभागप्रमुखांनी न वाचता मंजूर केला.' खाली सही केली. कागद उचलून त्या स्वतःच साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो आणि साहेबांच्या दाराशी उभा राहिलो. दार बंद झालं. वीस मिनिटं मी त्या दाराच्या कडीकडे बघत होतो. माझी भीती आता कुणासाठी होती हे मला नीट सांगता येत नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा कागदावर साहेबांची दुसरी सही होती, निळ्या शाईतली.

"दोघांनाही ताकीद," त्या म्हणाल्या. "साहेबांनी आधी सगळा कागद वाचला. दोनदा." मग माझ्याकडे बघून, नेहमीच्या थोडक्यात: "'पुढचं' म्हणजे हिवाळ्याचं पत्रक. शुक्रवारी द्या. फेरी नाही, खडे नाहीत. फक्त मी वाचणार."

संध्याकाळी घरी आलो. ही दारातच उभी होती. तिच्यामागे मुलगी आणि जिन्यात काका. मी सगळं सांगितलं, बावीस वर्षांसकट. ही आधी डोळे पुसून हसली, मग तिने पदराने परत डोळे पुसले.

"म्हणजे नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"मग चेहरा असा का पडलाय?"

मी टेबलापाशी बसलो. समोर कोरा कागद ठेवला. पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"अगं," मी म्हटलं, "आता मला बरोबर लिहायचंय."